होडीच्या इनबोर्ड डिझेल इंजिनात कुठलं ऑइल घालावं?

बेतीकाठ | ५ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर चापोऱ्याच्या एका गृहस्थांकडून २८ फुटी फायबरची होडी घेतली. आत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, मुळात गाडीचं, बोटीसाठी बदल करून बसवलेलं. पाटी गंजलीय, अर्धी अक्षरंच लागतात. पुस्तक नाही. मी गोव्यात बेतीहून मांडवी नदीत फिरतो, हवा बरी असली तर आग्वादच्या बाहेर गरी टाकायला जातो. वर्षाला फार तर शंभर तास इंजिन चालतं.

आता ऑइल बदलायचंय आणि चार जण चार तेलं सांगतायत. आधीच्या मालकाने अर्धा डबा दिलाय, त्यावर २०डब्ल्यू-५० आणि 'एसएल' लिहिलंय. दुकानदाराने १५डब्ल्यू-४० काढून समोर ठेवलं. वास्कोतला एक ओळखीचा म्हणतो, इंजिन बोटीचं आहे तर तेलही मरीनच हवं, बॅरलमधून काढून देतो. चुलतभाऊ म्हणतो सिंथेटिक घाल आणि दोन वर्षं विसरून जा. बाबा तांडेल होते, त्यांच्या वेळी सगळीकडे सिंगल ४०, म्हणजे 'डब्ल्यू' नसलेलं, एकाच आकड्याचं तेल.

हे इंजिन गेलं तर दुसरं घ्यायची ऐपत नाही. म्हणून नीट विचारून घेतो.

चापोरा किनारा | ५ मे, रात्री १०.१५

१५डब्ल्यू-४० डिझेलचं घाल आणि वेळेवर बदल. बाकी मेस्त्री सांगतील.

मालिमचा मेस्त्री | ६ मे, सकाळी ६.५०

बाब, पहिलं काम हे की तो एसएलचा डबा बाजूला ठेव. एपीआय म्हणजे तेलाची प्रत ठरवणारी अमेरिकेतली संस्था. तिच्या भाषेत 'एस'ने सुरू होतं ते पेट्रोल इंजिनाचं आणि 'सी'ने सुरू होतं ते डिझेलचं. डिझेल इंजिन काजळी करतं. ती काजळी बारीक बारीक कणांत तेलातच धरून ठेवायची, गोळा होऊ द्यायची नाही, हे डिझेलच्या तेलाचं मोठं काम. त्यासाठी त्यात जी रसायनं घालतात ती नुसत्या एसएलच्या तेलात तेवढी नसतात. काही डब्यांवर दोन्ही लिहिलेलं असतं, ते चालतं. पण 'सी' दिसलंच पाहिजे.

आता आकडे. ज्या आकड्याला 'डब्ल्यू' चिकटलेला असतो तो थंडीतल्या सुरुवातीचा. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. आपल्याकडे पौषातल्या पहाटेसुद्धा अंगावर चादर घेतली की भागतं, तेव्हा पंधरा की वीस यावरून कोणी भांडू नये. मागचा आकडा महत्त्वाचा. ४० म्हणजे १०० अंश तापमानाला तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधे. ५० त्याच्याही वर. तुझं इंजिन गाडीचं आहे आणि गाडीत ते १५डब्ल्यू-४०वर चालत होतं, तर बोटीत आल्यावर त्याच्या बेअरिंगची फट काही बदललेली नाही. तीच फट, तोच आकडा.

तुझ्या बाबांचं सिंगल ४० चुकीचं नव्हतं. आपल्या उन्हाळ्यात ते चालतं, आजही कितीतरी जुन्या इंजिनांत चालतं. फक्त सकाळी पहिल्या दोन मिनिटांत ते वरपर्यंत पोचायला १५डब्ल्यू-४०पेक्षा जास्त वेळ घेतं, आणि झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते.

आणि ५० कधी घालावं ते मी सांगतो, कारण हे मालिमला रोज बघतो. इंजिन गरम झाल्यावर रिकाम्या चालीला ऑइलच्या दाबाचा काटा खाली पडतो, मग मालक ५० घालतो, काटा वर येतो, मालक खूश. आत बेअरिंग झिजलेलं ते झिजलेलंच. काटा पडत असेल तर आधी कारण शोध. दाट तेलाने काटा उठतो, बेअरिंग भरून येत नाही.

मुरगाव बंदर | ६ मे, दुपारी १.०५

मी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे 'मरीन'वाल्या बॅरलबद्दल लिहिणं भाग आहे. बेतीकाठ, ते तेल कृपा करून घेऊ नका.

बंदराच्या आसपास जे मरीन ऑइल मिळतं ते बहुतेक जहाजांच्या इंजिनांसाठी असतं. त्याच्या डब्यावर एक आकडा असतो, टीबीएन. म्हणजे तेलाची आम्ल मारायची ताकद. इंधनातलं गंधक जळतं, त्याचं पाण्याच्या वाफेबरोबर आम्ल होतं, ते आम्ल सिलिंडर खातं. ते मारायला तेलात क्षार घालतात. जहाजाच्या इंधनात गंधक भरपूर. १ जानेवारी २०२० पासून जगभर ०.५० टक्क्यांची मर्यादा आली, त्याआधी ३.५० टक्के चालत होतं. अशा जड इंधनावरच्या इंजिनांना टीबीएन ३०, ४० असं तेल लागतं. मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या सिलिंडरचं तेल तर ७० आणि १००चंही असतं.

तुमच्या होडीत काय जळतं? पंपावरचं डिझेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आहे, दहा लाख भागांत फक्त १० भाग गंधक. जहाजाची आजची मर्यादा त्याच हिशेबाने ५००० भाग. पाचशे पटींचा फरक! एवढा क्षार तुमच्या इंजिनात आम्ल न सापडल्यामुळे तसाच जळतो आणि त्याची राख पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत आणि वाल्व्हवर बसते. रिंग अडकली की कॉम्प्रेशन गेलं. लहान, जलद फिरणाऱ्या इंजिनाला दहाच्या आसपास टीबीएन पुरतं, आणि साध्या चांगल्या डिझेल ऑइलमध्ये ते असतं.

'मरीन' शब्दाला बोटवाले भुलतात. ते तेल वाईट नाही, ते दुसऱ्या इंजिनाचं आहे. शिवाय उघड्या बॅरलमधून काढून दिलेलं तेल मी माझ्या गवत कापायच्या यंत्रातही घालणार नाही. त्यात आधी काय होतं, झाकण किती दिवस उघडं होतं, किती पावसाचं पाणी गेलं, काही कळत नाही.

बेतीकाठ | ६ मे, रात्री ८.३०

दोघांचेही मनापासून आभार. आता डब्यावर 'सी'नंतर काय बघू? दुकानात सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४ असे सगळे दिसले.

मालिमचा मेस्त्री | ६ मे, रात्री ९.१०

अक्षर जितकं पुढे तितकं तेल नवं. सीएफ-४ १९९०चं, सीएच-४ १९९८चं, सीआय-४ २००२चं, सीजे-४ २००६चं, सीके-४ २०१६च्या शेवटी आलं. तुला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस डोळे मिटून चालेल. सीके-४ मिळालं तरी हरकत नाही, पण धुराच्या नळीत फिल्टर असलेल्या नव्या ट्रकांचा विचार करून त्यात राख कमी ठेवलेली असते. तुझ्या होडीत तसला फिल्टर नाही, मग त्यासाठी जास्त पैसे मोजू नको.

एक मात्र टाळ. सीके-४च्याच वेळी 'एफए-४' नावाचंही आलं. ते मुद्दाम पातळ केलेलं असतं, ठरावीक नव्या ट्रकांसाठी. जुन्या इंजिनात नको.

जाता जाता: डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून बघितलीस का? कसं आहे तेल?

बेतीकाठ | ७ मे, दुपारी १२.२०

मेस्त्री, आज सकाळी बघितलं. काळं असेल असं वाटलं होतं, पण राखाडी आहे, चहात जास्त दूध पडल्यासारखं. मी आठ दिवस होडी काढलेली नाही. पातळी वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर आहे, आणि मी तर तेल घातलेलंच नाही. काय समजू?

मालिमचा मेस्त्री | ७ मे, दुपारी १२.४५

इंजिन चालू करू नको. आज, उद्या, कधीच नाही, मी सांगेपर्यंत. तेलात पाणी आहे.

आधी ऑइल घालायचं झाकण उघडून बघ. नुसत्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा साय असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ती नुसती वाफ. दहा मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनात असं होतं, तासभर भारावर, म्हणजे जोर देऊन, चालवलं की उडून जातं. पण तुझी डिपस्टिकच राखाडी आहे आणि पातळी वाढलीय. हे वाफेचं नाही.

घरी तवा गरम कर. पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे इतका. मग त्यावर डिपस्टिकचा एकच थेंब टाक, चेहरा लांब ठेव. चडचड आवाज आला तर पाणी. कोरडं तेल नुसतं पसरतं आणि धुरकट होतं.

दुसरं, कूलंटच्या टाकीची पातळी बघ. उतरली असेल तर हेड गास्केट किंवा लायनरचं रबर, गोडं पाणी आत जातंय. पातळी जशीच्या तशी असेल तर समुद्राचं पाणी, आणि मग वाटा तीन: ऑइल कूलर, खाऱ्या पाण्याच्या पंपाचं सील, नाहीतर एक्झॉस्टमधून उलटं आलेलं पाणी.

बेतीकाठ | ७ मे, सायंकाळी ५.५५

तव्यावर असा तडतडला की आई आतून विचारत आली, फोडणी कसली देतोस. कूलंट मात्र काठोकाठ आहे. आठवून बघितलं तर आणखी एक गोष्ट आहे: मार्चपासून होडीच्या मागे पाण्यावर रंगीत तवंग दिसायचा, मला वाटलं डिझेल सांडलं असेल.

मुरगाव बंदर | ७ मे, सायंकाळी ६.३०

तवंग सांगितलात हे फार बरं केलंत. माझा अंदाज ऑइल कूलरवर आहे. कूलरच्या बारीक नळ्यांच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. इंजिन चालू असतं तेव्हा तेलाचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून भोकातून तेल समुद्राकडे जातं, त्याचाच तो तवंग. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्य आणि कूलरमध्ये पाणी तसंच उभं, मग पाणी तेलाकडे येतं. एकाच भोकातून दोन्ही दिशांनी. म्हणूनच आठ दिवस उभ्या होडीत पातळी वाढलेली दिसली.

कूलर काढलात की आधी जस्ताची कांडी बघा. पेन्सिलसारखी असते, स्क्रूच्या टोकाला. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या नळीऐवजी ती खाल्ली जावी म्हणून ठेवलेली असते. ती संपली की नळीचा नंबर लागतो.

आणि दुरुस्तीची वाट बघत ते तेल आत ठेवू नका. खारं पाणी मिसळलेलं तेल क्रँकवर आणि बेअरिंगवर बसून राहिलं तर चार दिवसांत गंज धरायला लागतो. आजच उपसा.

कुटबणकर | ८ मे, सकाळी ५.३०

मुरगाव बंदर म्हणतात तसंच, तेल आत ठेवू नका. माझ्या हातून असं घडलंय, म्हणून लिहितो.

१ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद, ६१ दिवस. एके वर्षी मे अखेरीस मासळी चांगली लागली, शेवटच्या दिवसापर्यंत ट्रॉलर बाहेर होता. आल्यावर मी म्हटलं, ऑगस्टमध्ये नवं ऑइल घालायचंच आहे, आता कशाला दोनदा खर्च. जुनं तेल दोन महिने आत राहिलं. त्यात काजळी, डिझेल, थोडं पाणी, आम्ल, सगळं होतं. ऑगस्टला इंजिन सुरू केलं तेव्हा दाब यायला नेहमीपेक्षा वेळ लागला, मी दुर्लक्ष केलं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात खटखट सुरू झाली. उघडल्यावर बेअरिंगचे तुकडे हातात घेतले तर त्यांच्यावर मुंगीने खाल्ल्यासारखी बारीक भोकं. ऐन हंगामात बोट जेटीला आणि खलाशांचे हात रिकामे. ती चवथ आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

तेव्हापासून बंदी सुरू व्हायच्या आधी, शेवटच्या फेरीहून आल्या आल्या, इंजिन गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलतो. मग दहा मिनिटं चालवतो म्हणजे नवं तेल सगळीकडे लागतं, आणि बंद करतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी हाताने फिरवतो.

चापोरा किनारा | ८ मे, सकाळी ९.००

कुटबणकर, ऑगस्टमध्ये पुन्हा बदलता की तेच ठेवता?

कुटबणकर | ८ मे, सकाळी ९.२०

डिपस्टिक स्वच्छ आणि तवा शांत असेल तर तेच. नवं तेल नुसतं बसून दोन महिन्यांत खराब होत नाही. माझा मेहुणा पुन्हा बदलतो, त्याचं त्याला पटतं.

तिराकोलचा दर्यावर्दी | ८ मे, सकाळी ११.४०

ज्यांच्याकडे पेट्रोल आहे त्यांच्यासाठी: चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनासाठी 'एफसी-डब्ल्यू' लिहिलेलं तेल मिळतं, त्यात गंज रोखायची वेगळी परीक्षा असते, आणि ते खरंच उपयोगी आहे. दोन-स्ट्रोक आउटबोर्डला 'टीसी-डब्ल्यू३', पेट्रोलमध्ये मिसळायचं. मोटरसायकलचं तेल यांतल्या कशातच घालू नका.

आणि चुलतभावाच्या सिंथेटिकबद्दल. तेल चांगलंच असतं, उष्णतेत जास्त टिकतं. पण होडीत तेल उष्णतेने मरत नाही, पाणी, काजळी आणि न जळलेल्या डिझेलने मरतं. वर्षाला शंभर तास, त्यातले निम्मे गरी टाकून मंद चालीवर. दोन वर्षं विसरायचं म्हणून सिंथेटिक घ्यायचं असेल तर पैसे वाया. साधं घ्या आणि वर्षातून एकदा, किंवा शंभर-दीडशे तासांनी, जे आधी येईल तेव्हा बदला.

मालिमचा मेस्त्री | ८ मे, दुपारी २.१५

पटलं. मंद चालीचंही सांगतो. दिवसभर हळू चालवलंस तर परत येताना वीस-पंचवीस मिनिटं नीट भारावर चालव. रिंगा दाबून बसतात, तेल तापतं, आतलं पाणी आणि डिझेल उडतं. नुसत्या मंद चालीने सिलिंडर आरशासारखे गुळगुळीत होतात आणि इंजिन तेल प्यायला लागतं.

बेतीकाठ | १४ मे, रात्री ९.०५

काय झालं ते लिहितो.

७ तारखेच्याच रात्री तेल उपसलं. खालच्या बोल्टपर्यंत हात जात नाही, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पातळ नळी घालून पंपाने ओढलं. इंजिन चालू करायचं नव्हतं, त्यामुळे तेल थंड, फार हळू आलं. साडेअकरा लिटर निघालं, आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, नऊ लिटरचा! अडीच लिटर समुद्र होता आत.

कूलर काढून मेस्त्रींकडे मालिमला नेला. एका तोंडाला रबराचं बूच, दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप, आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. मधल्या एका नळीतून बुडबुड्यांची माळच वर आली. जस्ताच्या कांडीचा नुसता स्क्रू शिल्लक, जस्त शून्य. ती नळी दोन्ही टोकांनी बंद करून चालली असती, पण शेजारच्या दोन नळ्याही खाल्लेल्या दिसल्या, म्हणून कूलर नवाच घातला.

मग सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४०चा सीलबंद डबा. पहिल्यांदा घालून पाच मिनिटं चालवलं, उपसलं, राखाडीच आलं. फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा मळकट. तिसऱ्यांदा स्वच्छ मधाच्या रंगाचं राहिलं. तीन वेळा तेल आणि तीन फिल्टर गेले, पण मेस्त्री म्हणाले इथे काटकसर करू नको. गरम झाल्यावर रिकाम्या चालीला काटा पडत नाही, म्हणजे बेअरिंगं वाचली.

आता दोन शंका. गिअरबॉक्समध्ये लाल तेल आहे, तेच घालू? आणि डिपस्टिकची खूण खरी मानू का? इंजिन मागे कललेलं आहे.

मालिमचा मेस्त्री | १४ मे, रात्री ९.४०

रंगावर जाऊ नको. लाल असेल तर आधीच्या माणसाने एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, घातलंय एवढंच कळलं, ते बरोबर होतं की नाही ते कळत नाही. काही गिअरबॉक्सना एटीएफ लागतं, काहींना साधं ३० किंवा ४०चं इंजिन ऑइल. उलटसुलट झालं तर क्लच घसरतो. गिअरबॉक्सची पाटी वेगळी असते, वरच्या बाजूला. तारेच्या ब्रशने हळू घास आणि फोटो पाठव.

खुणेबद्दल तुझी शंका बरोबर आहे. गाडीत इंजिन सपाट बसलेलं होतं, होडीत शाफ्टच्या उताराने कललं, म्हणून तेल मागे जातं आणि डिपस्टिक जिथे असेल तसं कमी-जास्त दाखवते. आता चेंबर आणि फिल्टर रिकामे करून पुन्हा भरशील तेव्हा मोजून नऊ लिटर घाल. दोन मिनिटं चालव, दहा मिनिटं थांब, होडी पाण्यात सरळ उभी असताना डिपस्टिक बघ आणि तिथे कानसाने नवी खूण कर. तीच तुझी खरी खूण. जास्त भरलंस तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो आणि दाब जातो.

साळ नदी | १५ मे, सकाळी ८.१०

बेतीकाठ, उपसलेलं तेल कुठे टाकलंत? विचारते कारण आमच्या इथे जेटीवरून सरळ नदीत ओततात, आणि खालच्या अंगाला बायका तिसऱ्यो (शिंपल्या) काढतात. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. मोठी गॅरेजं बॅरलमध्ये साठवून त्यांना देतात, तिथे नेऊन दिलं तर बहुतेक घेतात. काही जण लाकडी होडीला बाहेरून फासतात, तेही करू नका. त्या कामाला आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल पूर्वीपासून आहेच.

बेतीकाठ | १५ मे, सकाळी ८.४५

ताई, सगळं कॅनमध्ये भरून ठेवलंय, पाण्यात एक थेंब सोडलेला नाही. पर्वरीच्या एका गॅरेजने घेतो म्हटलंय, शनिवारी नेतो.

गिअरबॉक्सची पाटी घासली. तिच्यावर एटीएफ लिहिलंय, मेस्त्री, फोटो पाठवलाय. नवी खूण जुन्या खुणेच्या बोटभर खाली आली. म्हणजे आधीचे मालक कायम जास्त भरत होते.

सगळ्यांना देव बरें करूं. रविवारी पहाटे भरती बघून आग्वादपर्यंत जाऊन येतो, परतल्यावर डिपस्टिकचा फोटो टाकतो.

बेतीकाठ | १७ मे, सकाळी ११.३०

आग्वादपर्यंत जाऊन आलो, येताना अर्धा तास भारावर. मागे तवंग नाही. डिपस्टिकवर तेल मधासारखं, बरोबर नव्या खुणेवर. तव्यावर थेंब टाकला, नुसता पसरला.